डोळे पेणचे, पावले रोह्याची

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पेण स्थानकावरून रोह्याच्या गाडीत बसण्याचा योग ज्यांस आला असेल, त्यांना हे दृश्य नवे नाही. मांडीवर पाट, पाटावर गणपती आणि गणपतीच्या मुखावर स्वच्छ रुमाल. एरवी खिडकीच्या जागेवरून हमरीतुमरीवर येणारी माणसे त्या दिवशी आपण होऊन सरकतात, चपला बाकाखाली लोटतात, पाय आखडून बसतात. नागोठण्यास गाडी थांबली की एखादे पोर रुमालाचा कोपरा उचलून आत डोकावू पाहते आणि त्याची आजी काही न बोलता त्याचा हात बाजूला करते.

आम्ही पालीचे. बल्लाळेश्वराच्या सभामंडपात उभे राहून कीर्तन करीत आमची चाळीस वर्षे गेली. घरचा गणपती धाकटे बंधू बसवितात आणि आमचे पाऊल भाद्रपदात रोह्याकडे वळते. कारण आमची थोरली बहीण अक्का रोह्यास दिलेली होती आणि तिच्या सासऱ्यांच्या वेळेपासून त्या घरी पेणचाच गणपती येत आला आहे. तो आणून पोहोचता करण्याचे काम आम्ही तरुणपणी अंगावर घेतले, ते आजतागायत सुटलेले नाही. प्रथम एस.टी.ने नेत असू, पुढे आगगाडी सुरू झाली. मांडीवर देव घेऊन बसले असता दरवर्षी मनात एक प्रश्न येई आणि शास्त्र्याला शोभेल असे उत्तर त्यावर सुचत नसे. प्राणप्रतिष्ठा अद्याप व्हावयाची आहे. शास्त्रदृष्ट्या ही रंगविलेली मृत्तिका. मग तिचे डोळे झाकण्याचे प्रयोजन काय? बायका म्हणतात, दृष्ट लागते. पण कोणाची कोणाला?

आमच्या बल्लाळेश्वराच्या नेत्रांत हिरे आहेत. पाषाणाच्या त्या स्वयंभू मूर्तीपुढे पहाटे उभे राहावे, निरांजनाची ज्योत हलते आणि तिच्याबरोबर हिऱ्यातले तेज हलते. देव पाहतो आहे याविषयी शंका घेण्यास जागाच उरत नाही. पार्थिव गणपतीच्या डोळ्यांत हिरा नसतो. तेथे एक रेघ असते, कुंचल्याने ओढलेली. ती हलत नाही, चमकत नाही, आणि तरीही घरातले शेंडेफळ स्वयंपाकघराच्या दारातून ओरडून सांगते की बाप्पा माझ्याकडेच बघतोय. ही करामत कशी होते याचा शोध घेण्यासाठी आम्हांस ग्रंथांपेक्षा पेणचा एक कारखाना अधिक उपयोगी पडला, हे आरंभीच कबूल करतो.

आखणी

पेण शहर आणि भोवतालची हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावे वर्षभर गणपतीच्याच कामात असतात. गुजरातेतून शाडूची माती येते. साचे भरले जातात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर कित्येक महिने आधीच पेट्यांत बसून बंदराकडे निघतात. साच्यातून निघालेली मूर्ती सुकवावयाची, सांधे लिंपावयाचे, घासून गुळगुळीत करावयाची, वर पांढरा हात द्यावयाचा, मग अंगाचा रंग, मग पीतांबर, शेला, दागिने. हे काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. घरचे उरकून आलेल्या त्या बाया मुकुटाचे मोती एकेक करून टिपत असतात. हल्ली अंगाचा रंग फवाऱ्याने देतात, आणि एका दुपारी ओळीने शंभर मूर्ती गोऱ्या होतात. पण एवढे सारे झाले तरी ओळीत बसलेले ते शंभर गणपती आंधळे असतात. डोळे अगदी शेवटी. फवाऱ्याने डोळा येत नाही, त्यासाठी माणूसच बसावा लागतो, आणि त्या कामाला पेणमध्ये ‘आखणी’ असे म्हणतात.

जोह्याच्या बाजूस एका कारखान्यात आखणी करणारे एक वृद्ध कारागीर होते. त्यांच्याच हातची मूर्ती आम्ही वर्षानुवर्षे घेत आलो. चहाची बशी उचलताना त्यांचा हात कापे. कुंचला उचलला की कंप नाहीसा होई. एका श्रावणात पाऊस अडवून बसला म्हणून आम्ही दोन-अडीच तास त्यांच्यापाशी बसलो, आणि जे पाहिले ते असे.

वरच्या पापणीची रेघ ते एका दमात ओढीत. श्वास अर्धा सोडीत, उरलेला धरीत आणि रेघ नाकाकडून कानशिलाकडे नेत. ती निघताना बारीक, मध्ये भरीव, शेवटी पुन्हा केसासारखी. ‘मध्ये थांबलात तर रंगाची गाठ पडते,’ ते म्हणाले, ‘मग तो गणपती दचकल्यासारखा दिसतो. आणि फार घाईनं ओढलीत तर रागावल्यासारखा.’ म्हणजे त्या रेघेत कारागिराच्या हाताचा वेग जसाच्या तसा मुरून राहतो. हात केव्हाच दुसऱ्या मूर्तीकडे गेलेला असतो, पण तो जेथून ज्या गतीने गेला ती गती पाहणाऱ्यास पुढे दहा दिवस दिसत राहते. पहिल्या डोळ्यापेक्षा दुसरा अवघड, कारण एक हाताच्या वळणाने येतो, दुसरा वळणाच्या उलट काढावा लागतो, आणि दोघांची जोड तर जुळलीच पाहिजे.

बुबुळ कोठे ठेवावयाचे हे मूर्ती कोठे बसणार यावर ठरते. घरचा गणपती चौरंगावर बसणार आणि त्याच्या समोर पाटावर यजमान बसणार. दोघांची नजर जुळेल इतपत बुबुळ राखावयाचे. मंडळाचा गणपती उंच, माणूस खालून पाहणार, म्हणून बुबुळ उतरवावयाचे. ‘नाही तर देव लोकांच्या डोक्यावरून पल्याड बघत राहील.’ पेणच्या एका पत्र्याच्या छपराखाली बसून हा मनुष्य कोठल्या तरी दूरच्या खोलीतले अंतर मनाने मोजीत होता. ती खोली त्याने पाहिलेली नव्हती, पाहणारही नव्हता. वाचकांनी आणखी एक गंमत ध्यानात घ्यावी. हत्तीचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंस असतात. तो आपल्याकडे पाहतो तेव्हा बहुधा एकाच डोळ्याने पाहतो. गणपतीचे दोन्ही डोळे कारागिराने समोर आणून ठेवले आहेत. गजमुखातील हा बदल इतक्या पिढ्यांचा आहे की तो बदल आहे हेच आपण विसरलो.

त्या दिवशी पांडित्याच्या भरात आम्ही त्यांस म्हणालो, ‘तुम्ही डोळे आखता खरे, पण देव पाहू लागतो तो मंत्रांनंतर.’ कीर्तनातूनही आम्ही हे अनेकदा सांगितले होते. त्यांनी कुंचला पाण्यात बुडविला, फडक्याला पुसला, आणि सहज विचारले, ‘बुवा, मग आखणी झाल्यावर आम्ही त्याच्यासमोर बिडी का नाही ओढत?’

आम्ही निरुत्तर झालो. पाऊसही तेवढ्यात ओसरला.

निजलेला आणि गेलेला

पालीस परतल्यावर विष्णुधर्मोत्तर पुराणाचा तिसरा खंड काढला. त्यातील चित्रसूत्र हा भाग रेखाटनाविषयीच्या आपल्या जुन्या विचाराचे भांडार आहे. स्टेला क्रामरिश या विदुषींनी १९२० च्या दशकात त्याचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हापासून जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष त्याकडे गेले; पुढे १९५८ मध्ये बडोद्याहून प्रियबाला शाह यांनी संपादिलेली त्या खंडाची संहिता निघाली. राजा वज्र मार्कंडेयांस मूर्ती कशी करावी असे विचारतो. ऋषी म्हणतात, चित्र जाणल्यावाचून मूर्ती कळणार नाही, आणि नृत्य जाणल्यावाचून चित्र कळणार नाही. पुढे नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गीत असा तो संवाद लांबतो. स्थिर रेघ शिकण्यासाठी आधी नाच शिका, असे सांगणारे हे शास्त्र आहे. पापणीची रेघ एका दमात ओढणाऱ्या कारागिराने हा ग्रंथ वाचलेला नव्हता, पण नाच त्याच्या मनगटात होता.

नेत्रांचे पाच आकार तेथे सांगितले आहेत आणि प्रत्येकाचे मापही यवांत दिले आहे. ध्यानस्थ योग्याचा धनुष्यासारखा डोळा तीन यव. माशाच्या पोटासारखा चार. निर्विकार, शांत पुरुषाचा नीलकमळाच्या पाकळीसारखा सहा. भ्यालेल्याचा वा रडणाऱ्याचा कमळाच्या पाकळीसारखा नऊ. क्रोधाने किंवा वेदनेने विस्फारलेला दहा. जवाच्या दाण्याएवढ्या अंतरात शांती भीती होते. ‘घाईनं ओढली तर रागावल्यासारखा दिसतो’ हे जोह्याचे बोल त्या रात्री आम्हांस निराळेच ऐकू आले.

चित्रसूत्राने खऱ्या चित्रकाराची जी कसोटी सांगितली आहे तिने तर आमचा प्रश्नच सोडविला. लाटा, अग्नीच्या ज्वाळा, धूर, पताका आणि वस्त्रे जो वाऱ्याच्या गतीने हलती दाखवू शकतो, तो चित्र जाणतो. आणि निजलेला मनुष्य सचेतन, मेलेला अचेतन, असा भेद जो रेखाटू शकतो तोही. विचार करा: दोघांचेही डोळे मिटलेले, दोघेही निश्चल, भेद दाखवावयाचा तो केवळ रेघेने.

मग मांडीवरच्या त्या गणपतीस आम्ही काय म्हणत आलो होतो? मृत्तिका. आणि कारागीर काय मानीत होता? निजलेला. पार्थिव पूजेत प्राणप्रतिष्ठेच्या वेळी तुपात बुडविलेली दूर्वा आपण नेत्रांस लावतो, त्या विधीस नेत्रोन्मीलन म्हणतात. डोळे तर पेणला उघडेच आखलेले असतात, मग उन्मीलन कसले, ही शंका आमच्या पाठशाळेतील एका चुणचुणीत मुलाने काढली होती आणि आम्ही त्याला गप्प बसविले होते. निजलेल्याला उठवावयाचे असते, एवढे उत्तर पुरले असते. गाडीच्या गर्दीत झोप मोडू नये म्हणून रुमाल. आजीबाईंना हे ठाऊक होते. असो.

चित्रसूत्र ऐकणारा हा वज्र कोण? श्रीकृष्णाचा पणतू, अनिरुद्धाचा पुत्र. आणि अनिरुद्ध म्हटले की कीर्तनकाराच्या ओठी चित्रलेखेचे आख्यान आल्यावाचून राहत नाही. (वज्र हा उषेचा पुत्र नव्हे, रुक्मीच्या नातीचा, श्रोत्यांत एखादे जाणकार गृहस्थ असले की हे आधीच सांगून टाकलेले बरे.) भागवताच्या दशम स्कंधातील कथा आहे. शोणितपुरात बाणासुराची कन्या उषा स्वप्नात एका तरुणास पाहते. नाव नाही, गाव नाही. सखी चित्रलेखा म्हणते, तो त्रैलोक्यात कोठेही असो, मी काढून दाखविते, तू ओळख. ती देव काढते, गंधर्व काढते, नाग, दैत्य, विद्याधर, यक्ष काढते. मग मनुष्यांत येते, मनुष्यांत यादवांकडे वळते. वसुदेव काढते, बलराम काढते, श्रीकृष्ण काढते. प्रद्युम्नाचे चित्र उमटताच उषा लाजते. आणि अनिरुद्ध उमटताच मान खाली घालून हसते, हाच तो.

हे आख्यान लावताना आम्ही पूर्वी चित्रलेखेच्या आकाशगमनावर फार वेळ घालवीत असू. ती योगबलाने द्वारकेस उडून जाते आणि निजलेल्या अनिरुद्धाला उचलून आणते, त्यात वीररसही आहे, हशाही आहे. हल्ली आम्ही चित्रांपाशीच रेंगाळतो. शोणितपुराच्या एका महालात बसून ती तिन्ही लोक फिरून आली. पुढचे उडणे हा उपचार. आणि प्रद्युम्नापाशी उषा का लाजली? ज्याला शोधावयाचे त्याचा हा पिता, भावी श्वशुर, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आजोबा, बाप आणि मुलगा अशी तीन चित्रे एकापुढे एक आली, आणि एकाच्या भुवईतून दुसऱ्याच्या भुवईत उतरत आलेला काळ तिच्या डोळ्यांना कळला. घराघरांतून भिंतीवर तीन पिढ्यांचे फोटो लावलेले असतात, त्यांच्यापुढे उभी राहिलेली नवी सून नेमके हेच करीत असते.

पेण तालुक्यातच गागोदे हे गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा तेथे जन्मले. त्यांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत सांगितले आहे की आजोबा घरी गणपतीची मूर्ती करीत आणि त्यासाठी मुलांकडून चंदन उगाळून घेत. इतक्या श्रमाने झालेली मूर्ती पाण्यात सोडावयाची याचे लहानग्या विन्याला वाईट वाटे. आवाहनाबरोबर विसर्जन का, याचा उलगडा त्यांस पुढे झाला. आम्हांस या आठवणीत एक निराळीच गोष्ट दिसते. ज्या चित्राला दीड किंवा दहा दिवसांनी जावयाचेच आहे, ते काढणारा मनुष्य काळाला आधीच आपल्या हिशेबात धरतो. शाडूची मूर्ती पाण्यात उतरली की प्रथम डोळ्यांची रेघ जाते, मग अंगाचा रंग, मग माती. देव पुन्हा मिटल्या डोळ्यांचा होतो आणि मग जातो.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीचे असे होत नाही. कारागिरांस दोष देणे सोपे आहे. पण ती मूर्ती लवकर सुकते, हलकी असते, दूरच्या प्रवासात टिकते, आणि हजारो घरांची चूल तिच्यावर पेटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये अशा मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, पेणकरांनी आपले गाऱ्हाणे मांडले, वाद न्यायालयांत गेला. त्या वादात आमचा अधिकार नाही. आम्हांस फक्त एक दृश्य विसरता येत नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका समुद्रकिनाऱ्यावर भरतीने परत आणून टाकलेली मूर्ती पडली होती. हात गेला होता, सोंड गेली होती. डोळ्यांची आखणी मात्र कायम होती, आणि ती आमच्याकडे पाहत होती.

पाऊल

रोह्यास कुंडलिकेच्या काठी अक्काचे घर. रोहे म्हटले की विद्वज्जनांस चिंतामणराव देशमुख आठवतात. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. पण आम्हां संस्कृतवाल्यांच्या लेखी १९१२ ची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणारे आणि मेघदूत मराठीत आणणारे ते चिंतामणराव. त्या काव्यातला यक्ष रामगिरीवर बसून शिळेवर गेरूने अलकेतील प्रियेचे चित्र काढतो, आणि आसवांनी दृष्टी भरून आल्यामुळे ते पुरे करू शकत नाही. जी समोर नाही तिला रेघेने समोर आणावयाचे, हा यक्षाचा उद्योग रोह्याच्या आमच्या घरी दरवर्षी गौरीच्या दिवशी चाले. फक्त तो बायका करीत आणि त्याला कोणी काव्य म्हणत नसे.

अनुराधा नक्षत्रावर गौरीचे आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मुळावर विसर्जन. अक्काकडे खड्यांच्या गौरी. घरातील सुवासिनी नदीवर जाते, पाच किंवा सात खडे वेचते, तोंडात पाण्याची चूळ धरून मुक्याने आणि मागे न पाहता घरी येते. मुखवट्याच्या गौरीला चेहरा असतो, साडी असते, नथ असते. खड्यांच्या गौरीला काहीच नसते, ना डोळे ना हात ना पाय. म्हणून पाय घरच्यांनी द्यावयाचे. उंबरठ्यापासून देवघरापर्यंत आणि तेथून घरातल्या प्रत्येक खोलीत पावले काढावयाची, की गौर येथून आली, येथे कोठीत डोकावली, येथे स्वयंपाकघरात चूल पाहिली, येथे तिजोरीवर हात ठेवला.

अक्काची पद्धत जुनी. तांदळाच्या पिठाच्या पातळ कालवणात मुठीची कड बुडवून जमिनीवर उठवावयाची आणि वर बोटाने पाच ठिपके. एक पाऊल डाव्या मुठीचे, दुसरे उजव्या. ती उंबरठ्यापाशी दाराकडे तोंड करून उकिडवी बसे आणि मागे मागे सरकत आत येई, म्हणजे ओले पाऊल पदराने पुसले जाणार नाही. कारण एवढेच. परंतु पाहणाऱ्यास दिसे ते असे, की समोरून कोणी थोर पाहुणी चालत येते आहे आणि घरची बाई तिला पाठ न दाखविता मागे पावले टाकीत आत घेऊन येत आहे. पाहुणी दिसत नाही. तिचे येणे दिसते. देवघरापाशी पोहोचल्यावर शेवटची दोन पावले अक्का जोडीने काढी. येथे गौर थांबली.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला, तेव्हा स्थिर चित्रे भराभर एकामागून एक सरकवून लोकांच्या डोळ्यांपुढे माणसे चालविली. चित्रे सरकली, प्रेक्षक खुर्चीत बसून राहिला. अक्काच्या जमिनीवर चित्रे जागच्या जागी राहत, आणि पाहणाऱ्याची नजर दारातून देवघराकडे चालत जाई. एक पाऊल मागचे, एक पुढचे, दोहोंमधली कोरी फरशी म्हणजे उचललेला पाय. ही युक्ती कोणी आणि केव्हा काढली, याचा पत्ता कोणत्याही पोथीत लागत नाही.

आम्ही चतुर्थीस गणपती पोहोचवून गौरीविसर्जनापर्यंत तेथेच राहत असू. लहानपणी लागलेली मोजण्याची खोड आमची अजून गेलेली नाही; देवळाच्या पायऱ्या चढतानाही आम्ही मोजतो. अक्काच्या संसाराच्या आरंभी उंबरठ्यापासून देवघरापर्यंत तेरा पावले होत. मध्यंतरी केव्हा तरी पंधरा झाली. आम्हांस वाटले, चुकलो. पुढे अठरा झाली. घर तेच, उंबरठा तोच. मग ध्यानात आले की उकिडवे बसून हात जेथवर पोहोचतो तेवढीच गौरीची ढांग असते. अक्काचे गुडघे धरू लागले होते, हात लांब टाकवत नव्हता, आणि म्हणून देवीही जवळ जवळ पावले टाकीत येऊ लागली होती. आम्ही हे अक्काला सांगितले. ती म्हणाली, ‘माझ्याबरोबर तीही म्हातारी व्हायला नको का? एकटीनं कसं व्हायचं?’ शेवटच्या वर्षी बावीस पावले होती.

दोन वर्षांपूर्वीच्या माघात अक्का गेली. त्या भाद्रपदात गणपती आला, गौरीही आल्या, पण घराचे लक्ष कशातच नव्हते. सूनबाई नोकरी सांभाळून सगळे करतात. त्यांनी बाजारातून तयार पावलांची स्टिकरे आणली आणि उंबरठ्यापासून आत चिकटवली. लाल रंगाची, सोनेरी कडेची, रेखीव पावले. आम्ही कोणास बोल लावीत नाही, आमच्या पालीच्या घरीही तीच आहेत. परंतु त्यांतली दोन्ही पावले प्रत्येक ठिकाणी शेजारी शेजारी, जोडीने छापलेली होती. भावोजी झोपाळ्यावर बसून बराच वेळ दाराकडे पाहत होते. मग म्हणाले, ‘बुवा, ही चालतच नाही हो. जागोजाग उभीच आहे.’

गेल्या वर्षी आवाहनाच्या सकाळी अक्काची नऊ वर्षांची नात आमच्यापाशी आली. ‘मामाआजोबा, आजी सुरुवात कुठून करायची?’ आम्ही उंबरठा दाखविला, दाराकडे तोंड करावयास सांगितले, आणि बाजूस झालो. तिने वाटीत पीठ कालविले. पहिली चार पावले तिने फार जपून काढली. नंतर घाई झाली. एका ठिकाणी डाव्या मुठीची तीन पावले लागोपाठ पडली, आणि भावोजी, जे दीड वर्षात मोकळेपणी हसले नव्हते, ते हसून म्हणाले, ‘गौर लंगडी घालते आहे की!’ पोरीने पुसण्यासाठी फडके उचलले. त्यांनी तिला पुसू दिले नाही. देवघरापर्यंत एकतीस पावले झाली.

नदीवरून सूनबाई खडे घेऊन मुक्याने दाराशी आल्या, त्यांच्या पायांवर दूध-पाणी घातले गेले आणि त्या पावलांवर पाऊल ठेवीत आत गेल्या. लंगडीच्या ठिकाणी त्या क्षणभर थबकल्या. तोंडात चूळ असल्यामुळे हसता येईना. देवघरात खडे ठेवून झाल्यावर पोर वाटी घेऊन पुन्हा खाली बसली. कोठी झाली, स्वयंपाकघर झाले, माजघरातले कपाट झाले. मग ती पावले माजघरातून डावीकडे वळली. तिकडे अक्काची खोली. खाट अजून आहे, वर सतरंजी घडी करून ठेवलेली असते. तेथे आता कोणी झोपत नाही. आम्ही दारात उभे होतो. सात पावले आत गेली, आणि खाटेपाशी तिने दोन्ही मुठी वाटीत बुडवून दोन पावले शेजारी शेजारी काढली.